वांद्रे, मंगळूर, फरीदाबाद: वैमानिकाच्या मनाची चौकशी

भारतातील नागरी विमान वाहतुकीत वैमानिकाच्या शरीराची तपासणी सुरुवातीपासून काटेकोर राहिली, पण त्याच्या मनाची दखल मात्र फार उशिरा आणि तीही मोठ्या अपघातांच्या मागोमाग, तुकड्यातुकड्यांनी घेतली गेली. व्यावसायिक वैमानिकाला ‘क्लास वन’ दर्जाचे वैद्यकीय प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नव्याने मिळवावे लागते आणि त्यासाठीची व्यवस्था हवाई दलाच्या संस्थांभोवती उभी राहिली: बंगळुरूमध्ये १९५७ साली सुरू झालेली आणि आज ‘इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन’ या नावाने ओळखली जाणारी संस्था, तसेच दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमधील हवाई दलाचे केंद्रीय वैद्यकीय केंद्र. दृष्टी, श्रवण, हृदय, रक्तदाब, साखर यांची नोंद ठेवणाऱ्या या व्यवस्थेत उणीव आढळली, की वैमानिक ‘टेंपररी अनफिट’ ठरतो, म्हणजे बरा होईपर्यंत त्याचे उड्डाण थांबते आणि वैमानिकांच्या बोलीत तो ‘ग्राउंड’ होतो. मद्यपानाच्या बाबतीत तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, उड्डाणापूर्वी श्वासाच्या चाचणीपर्यंत मजल मारली. मनाच्या बाबतीत अशी कोणतीही नळी किंवा यंत्र उपलब्ध नाही; तिथे वैमानिकाने स्वतः सांगितले तरच कळते, आणि सांगितल्यावर त्याचे काय होणार, हा प्रश्न मुख्यतः त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या कंपनीच्या हाती असतो. या लेखाचा विषय हा प्रश्न आणि त्याला भारतात व जगात मिळत गेलेली अपुरी उत्तरे हा आहे.

वैमानिकाच्या डोक्यात काय चालले होते, हे कळल्याशिवाय अपघात उलगडत नाही, याचा मोठा दाखला मुंबईजवळच मिळाला होता. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री आठनंतर सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनच्या समोरचे, विमान कोणत्या बाजूला किती कलले आहे हे दाखविणारे उपकरण बिघडले होते. विमान उजवीकडे कलल्याचे ते दाखवीत राहिले आणि कॅप्टन ते सावरण्यासाठी डावीकडे वळवीत गेला. खाली काळोखा समुद्र आणि वर काळोखे आकाश असल्यामुळे क्षितिजाची रेषा दिसण्याचा संभव नव्हता, आणि फ्लाइट इंजिनिअरने उपकरणातील तफावत लक्षात आणून देण्याचा प्रयत्न केला तेव्हा हाताशी काही सेकंदच उरले होते. ज्याला अवकाशीय दिशाभ्रम म्हणतात, तो हाच: बाहेरचा आधार नाहीसा झाला, की आतल्या कानातील तोल सांभाळणारी रचना फसवे संदेश देऊ लागते, आणि निरोगी व अनुभवी माणसाचे मनही वर-खाली, डावे-उजवे यांचा हिशेब चुकते. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने विमान व उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांविरुद्धचे दावे फेटाळले. चौकशीची दिशा तेव्हा यंत्र की वैमानिक या दोन टोकांमध्येच फिरत राहिली, आणि वैमानिकाला तयार करणारी व त्याला कामावर पाठविणारी तिसरी बाजू फारशी उजेडात आली नाही.

दिशाभ्रम हा आजार नव्हे. परंतु मनाचा आजार आणि कंपनीची जबाबदारी यांची थेट गाठ पडल्याची घटना चारच वर्षांनी जपानमध्ये घडली. ९ फेब्रुवारी १९८२ रोजी फुकुओकाहून टोकियोला येणारे जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान हानेडा विमानतळाच्या धावपट्टीपूर्वीच समुद्राच्या उथळ पाण्यात आदळले आणि २४ प्रवासी दगावले. कॅप्टनने उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात काही इंजिनांची शक्ती उलट्या दिशेने फिरविली होती आणि सहवैमानिक व फ्लाइट इंजिनिअर त्याला आवरण्याची झटापट करीत होते. या कॅप्टनला पूर्वी मानसिक त्रासामुळे कामावरून दूर ठेवण्यात आले होते आणि नंतर पुन्हा उड्डाणावर घेण्यात आले होते. न्यायव्यवस्थेने त्याला मनोविकारामुळे दोषी धरले नाही, आणि त्यामुळे त्याला परत कॉकपिटमध्ये बसविणाऱ्या वैद्यकीय व व्यवस्थापकीय निर्णयांकडे जपानी समाजाचे लक्ष वळले. रुग्णाला बोल लावता येत नाही असे एकदा मान्य केले, की त्याच्या हाती विमान देणाऱ्याला विचारावेच लागते. या साध्या तर्काला जगभर मान्यता मिळण्यास मात्र पुढची तीन-साडेतीन दशके जावी लागली.

भारतात या तर्काच्या सर्वांत जवळ जाणारी चौकशी मंगळूरच्या अपघाताची होती. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले, टोकापलीकडच्या दरीत कोसळले आणि १६६ पैकी १५८ जण मरण पावले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्षपद हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होते आणि त्यांच्यासमोर आलेला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण होते. सुमारे दोन तासांच्या त्या मुद्रणात जवळजवळ एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपलेला होता. घोरण्याचा आवाज त्यात उमटला होता. खोल झोपेतून उठल्यावर काही काळ माणूस जागा दिसतो, बोलतो, हातांनी कामही करतो, परंतु त्याची निर्णयशक्ती मंद असते. या अवस्थेला निद्राजडत्व म्हणतात, आणि पहाटेच्या ज्या तासांत शरीराचे अंतर्गत घड्याळ सर्वांत खालच्या पातळीवर असते त्या तासांत ती अधिक घट्ट बसते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीन वेळा सांगितले, यंत्रानेही इशारे दिले, तरी कॅप्टनने उतरणे चालूच ठेवले. गोखले यांच्या अहवालाने मुख्य कारण म्हणून कॅप्टनच्या या हट्टाकडे बोट दाखविले, पण निद्राजडत्वाला कारणीभूत घटकांमध्ये स्थान दिले, हे त्या अहवालाचे मोठे योगदान मानावे लागते. कारण मन ही वैमानिकाची खासगी बाब राहत नाही, ते रात्रीच्या पाळीने, विश्रांतीच्या तासांनी आणि वरिष्ठ-कनिष्ठ यांच्या नात्याने घडते, हे प्रथमच अधिकृत कागदावर इतके स्पष्ट उतरले. उड्डाणाच्या वेळा आणि विश्रांतीचे किमान तास ठरविणारे नवे नियम डीजीसीएने २०११ मध्ये जाहीर केले.

मंगळूरला एक वर्ष आणि तीन दिवस उलटले, तेव्हा फरीदाबादचा अपघात झाला. तो आकड्यांनी लहान असल्यामुळे विस्मृतीत गेला, परंतु या विषयाच्या अभ्यासात त्याचे स्थान मोठे असावयास हवे. २५ मे २०११ च्या रात्री पावणेअकराच्या सुमारास पाटण्याहून दिल्लीकडे एका अत्यवस्थ तरुण रुग्णाला घेऊन येणारे पिलाटस पीसी-१२ हे एकाच इंजिनाचे विमान फरीदाबादच्या पर्वतीय कॉलनीतील घरांवर कोसळले. विमानातील दोन वैमानिक, वैद्यकीय पथक, रुग्ण आणि त्याचा नातेवाईक असे सातही जण आणि घरांतील तीन स्त्रिया मिळून दहा जणांचा मृत्यू झाला. फरीदाबादचा ‘न्यू इंडस्ट्रियल टाउन’ (एनआयटी) हा भाग फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसविला गेला आणि पुढे कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या दाट वस्त्या त्याच्या कडेकडेने वाढत गेल्या. दिल्लीच्या विमानतळाकडे येणाऱ्या विमानांचा आवाज या वस्त्यांना नवा नाही. महाराष्ट्रात ज्याला वळवाचा पाऊस म्हणतात, त्याचे उत्तरेतील रूप कितीतरी धुळकट आणि आडदांड असते: मे महिन्याच्या संध्याकाळी राजस्थानकडून आँधी उठते, ढग उभेच्या उभे वाढतात आणि त्यांच्या पोटातील वर-खाली धावणारे वारे लहान विमानाला सहज उचलून फेकू शकतात. त्या रात्री दिल्लीच्या परिसरात असेच वादळी हवामान होते.

चौकशी अहवालाने संभाव्य कारण सांगताना तीन शक्यता एकत्र ठेवल्या: हवामानाचा बाहेरून बसलेला तडाखा, नियंत्रणांची चुकीची हाताळणी आणि अवकाशीय दिशाभ्रम, किंवा या तिन्हींचा संयोग. वांद्र्याच्या समुद्रावर १९७८ मध्ये जो शब्द लागू झाला होता तोच तेहतीस वर्षांनी फरीदाबादच्या घरांवर लागू झाला, आणि दोन्ही वेळा तो वैमानिकाच्या मनाच्या एका क्षणापुरता वापरला गेला. रात्र, वादळ, एक इंजिन आणि मागे मरणाच्या दारात असलेला रुग्ण, ही परिस्थिती त्या क्षणाच्या कितीतरी आधी, उड्डाण स्वीकारताना तयार झालेली असते. हवाई रुग्णवाहिकेच्या वैमानिकावर पडणारा ताण सर्वसाधारण प्रवासी विमानाच्या वैमानिकापेक्षा निराळा असतो, कारण ‘आज जाणे योग्य नाही’ या त्याच्या उत्तराचा अर्थ एखाद्या कुटुंबाची शेवटची आशा तोडणे असा होऊ शकतो. म्हणूनच परदेशातील अनेक हवाई रुग्णवाहिका सेवांत, उड्डाण करावयाचे की नाही हे ठरेपर्यंत रुग्णाचे वय, त्याची अवस्था किंवा निकड वैमानिकाला मुद्दाम सांगितली जात नाही. त्याने फक्त हवामान, अंतर आणि विमान पाहून निर्णय द्यावा अशी रचना असते. ही रचना उभारणे वैमानिकाच्या हाती नसते. ती कंपनीने करावयाची असते.

फरीदाबादचे विमान ज्या वर्गातील होते, तो वर्ग म्हणजे वेळापत्रक नसलेल्या, मागणीनुसार उड्डाणे करणाऱ्या कंपन्यांचा. अशा कंपन्यांकडे बहुधा मोजकी विमाने आणि मोजके वैमानिक असतात. मोठ्या कंपनीत एखादा वैमानिक आजारपणामुळे आठवडाभर बाजूला झाला, तर राखीव वैमानिक असतो. लहान कंपनीत त्याच्या जागी दुसरा नसला, तर उड्डाण रद्द होते, उत्पन्न बुडते आणि आपल्यामुळे हे झाले याची जाणीव त्याला रोज होत राहते. अशा वातावरणात मनाची अस्वस्थता उघड करण्यास जे धैर्य लागते, ते नियमावलीच्या भरवशावर गोळा होत नाही.

मनाच्या आजाराकडे जगाचे लक्ष वेधणारी घटना २४ मार्च २०१५ ची. बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला जाणाऱ्या जर्मनविंग्ज कंपनीच्या ए-३२० विमानाचा कॅप्टन काही वेळासाठी कॉकपिटबाहेर गेला, सत्तावीस वर्षांच्या सहवैमानिकाने आतून दार बंद केले, विमान खाली उतरविण्याची आज्ञा यंत्राला दिली आणि सुमारे दहा मिनिटांनी ते फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर आदळले. दीडशे जण मरण पावले. ज्या दाराने कॅप्टनला बाहेर ठेवले, ते २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यांनंतर अपहरणकर्त्यांना रोखण्यासाठी मजबूत केलेले होते: बाहेरून सांकेतिक क्रमांक टाकला तरी आतील व्यक्ती एक कळ दाबून तो काही मिनिटांसाठी निकामी करू शकते. धोका बाहेरून येईल, हे गृहीत धरून केलेली ती रचना होती. यानंतर युरोपातील सुरक्षा संस्थेने कॉकपिटमध्ये कायम दोन माणसे असावीत, म्हणजे एक वैमानिक बाहेर आला की केबिनमधील कर्मचाऱ्याने आत उभे राहावे, अशी शिफारस केली. भारतातील कंपन्यांतही ही पद्धत परिचित आहे. युरोपात मात्र वर्षभराने ती शिथिल झाली आणि २०१७ मध्ये जर्मन कंपन्यांनी ती सोडून दिली, कारण दार वारंवार व अधिक वेळ उघडे राहिल्याने होणारा धोका तिच्या लाभापेक्षा मोठा वाटू लागला.

फ्रेंच तपास संस्थेचा मार्च २०१६ मधील अहवाल दारापाशी थांबला नाही, ही त्याची खरी महत्ता. सहवैमानिकाला प्रशिक्षणाच्या काळातच, २००८-०९ मध्ये, नैराश्याने गाठले होते. बरा झाल्यावर त्याला उड्डाणास परवानगी मिळाली, पण आजार उलटल्यास ती रद्द होईल अशी नोंद त्याच्या प्रमाणपत्रावर होती. डिसेंबर २०१४ मध्ये आजार उलटला, तो अनेक डॉक्टरांकडे गेला, एकाने मनोरुग्णालयात उपचार घेण्याचा सल्ला दिला, विश्रांतीची प्रमाणपत्रे दिली. आणि यांतले काहीही कंपनीपर्यंत किंवा परवाना देणाऱ्या संस्थेपर्यंत पोहोचले नाही. एका बाजूने जर्मन कायद्यातील वैद्यकीय गुप्ततेचे बंधन कडक होते. दुसऱ्या बाजूने, परवाना गेल्यास पगार जाईल, प्रशिक्षणासाठी काढलेले कर्ज राहील आणि विमा त्या तोट्याची पूर्ण भरपाई करणार नाही, हे त्या तरुणाला ठाऊक होते. म्हणून अहवालाने सांगितलेल्या उपायांत डॉक्टरांनी केव्हा माहिती द्यावी याची स्पष्ट व्याख्या होती, आणि त्याबरोबरच परवाना गमावल्याने येणारे आर्थिक संकट कमी करणे आणि सहकाऱ्यांचे आधारगट उभारणे यांचाही समावेश होता.

कंपनीच्या कायदेशीर जबाबदारीचे पुढे काय झाले, ते मात्र या अहवालाच्या दिशेने गेले नाही. मृतांच्या काही नातेवाइकांनी लुफ्थान्सा या पालक कंपनीवर आणि तिच्या प्रशिक्षण संस्थेवर दावा केला, तेव्हा एसेन येथील न्यायालयाने २०२० मध्ये, आणि हाम येथील वरिष्ठ न्यायालयाने २०२१ मध्ये असे मत दिले, की वैमानिकाच्या आरोग्याची तपासणी हे राज्यसंस्थेचे काम आहे, त्यातील चुकीसाठी कंपनीला जबाबदार धरता येत नाही. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार, ज्याचा भारत २००९ पासून सदस्य आहे, विमान कंपनी ठरावीक मर्यादेपर्यंत दोष सिद्ध न होताही भरपाई देण्यास बांधील असते. त्या मर्यादेच्या वर जबाबदारी टाळावयाची असेल, तर नुकसान आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाने वा गैरकृत्याने झाले नाही हे कंपनीला सिद्ध करावे लागते. वैमानिक हा कंपनीचा नोकर असल्याने त्याच्या कृत्यातून तिला सहसा सुटता येत नाही. तथापि ही जबाबदारी पैशांत मोजली जाते. मंगळूरच्या एका मृताच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ७.६४ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. तिथला वाद मृत व्यक्तीच्या वेतनाच्या मोजणीचा होता. वैमानिकाला झोप का आवरली नाही, हा प्रश्न भरपाईच्या खटल्यात सहसा येतच नाही.

लपविणे ही व्यक्तीची दुर्बलता मानण्याची सवय किती चुकीची आहे, हे हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०१६ च्या अभ्यासाने दाखविले. नाव न विचारता भरून घेतलेल्या प्रश्नावलीत सुमारे १,८५० वैमानिकांपैकी १२.६ टक्क्यांची उत्तरे नैराश्याच्या निकषात बसली, आणि ४.१ टक्क्यांनी मागील दोन आठवड्यांत आत्महत्येचे विचार आल्याचे नोंदविले. निनावी विचारले तेव्हा जे समोर आले, ते नावानिशी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत येत नाही. या संख्येतील बहुसंख्य माणसे कोणालाही इजा न करता आपले काम करीत राहतात, हे ठळकपणे नोंदविणे आवश्यक आहे. नैराश्य म्हणजे धोका असे समीकरण रूढ झाले, की उपचाराकडे वळणारी पावले तिथेच थबकतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१० मध्येच चार नैराश्यविरोधी औषधे देखरेखीखाली घेणाऱ्या वैमानिकांना उड्डाणाची वाट खुली केली, ती याच विचाराने. भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतो, पण दुसऱ्या व्यक्तीला इजेपासून वाचविण्यासाठी त्याला अपवादही ठेवतो. जर्मनीतील डॉक्टरांना जो पेच पडला, तो सोडविण्याची तरतूद येथे कायद्यात तरी आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये डीजीसीएने वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या मानसिक आरोग्याविषयी वैद्यकीय परिपत्रक काढले. वैद्यकीय तपासणीत मनाची अवस्था जलद व परिणामकारक रीतीने पाहणे, कर्मचाऱ्यांना स्वतःतील व सहकाऱ्यांतील लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण देणे आणि कंपन्यांनी सहकारी-आधार कार्यक्रम चालविणे, अशा शिफारशी त्यात होत्या. या कार्यक्रमात प्रशिक्षण घेतलेले वैमानिकच आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे गुप्तपणे ऐकतात, मानसतज्ज्ञ त्यांना मार्गदर्शन करतात, आणि तत्काळ धोका असेल तरच गुप्तता मोडली जाते. जर्मनीत ‘श्टिफ्टुंग मेडे’ ही संस्था १९९४ पासून अशा प्रकारचे काम करीत आहे, आणि युरोपीय संघाने २०२१ पासून कंपन्यांना असा कार्यक्रम बंधनकारक केला. परिपत्रकाच्याच वर्षी, म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये, नागपूर विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेला एक वैमानिक कोसळून मरण पावला आणि थकव्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरण्यांची संख्या सहावरून दोनवर आणणारे नियम जाहीर केले. कंपन्यांच्या विरोधामुळे ते रखडले आणि दिल्ली उच्च न्यायालयातील कार्यवाहीनंतर २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले.

दरम्यान १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळले आणि जमिनीवरील मृत धरून २६० जण गेले. जुलैमधील प्राथमिक अहवालाने इंधनाचे दोन्ही स्विच एकापाठोपाठ बंद स्थितीत गेल्याचे नमूद केले, कारणाचा निष्कर्ष काढला नाही; पण मुंबईत राहणाऱ्या कॅप्टनच्या मनःस्थितीविषयी परदेशी माध्यमांत तर्क सुरू झाले, आणि त्याच्या वयोवृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तपास पूर्ण होण्याआधी मृत माणसाच्या मनाचा निवाडा होणे हे त्या कुटुंबावर अन्यायकारक होतेच. शिवाय आपला त्रास सांगावा की नाही या विचारात असलेल्या प्रत्येक वैमानिकाने ते पाहिले. अपघातानंतर चौथ्या दिवशी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी, त्यांत ५१ कॅप्टन आणि ६१ सहवैमानिक होते, आजारी असल्याचे कळविले; नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेला ही संख्या सांगताना २०२३ च्या परिपत्रकाचाच आधार दिला. २०२५ च्याच डिसेंबरमध्ये, विश्रांतीच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू होऊन जेमतेम महिना झाला होता, तोच इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण जवळपास दोन वर्षांची पूर्वसूचना असूनही नव्या विश्रांतीला पुरतील इतके वैमानिक कंपनीने नेमले नव्हते. डीजीसीएने तिला रात्रीच्या काही नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली.

वैद्यकीय परिपत्रकाची कक्षा तपासणी, प्रशिक्षण आणि आधारगट इथपर्यंत जाते. उपचारांसाठी ग्राउंड झालेल्या वैमानिकाला किती महिने किती पगार मिळेल, परवाना गमावल्यास मिळणाऱ्या विम्यात मनाचा आजार धरला जाईल की वगळला जाईल, प्रशिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यांचे काय होईल, आणि बरा झाल्यावर त्याची ज्येष्ठता कायम राहील का, हे सारे नोकरीच्या करारात लिहिले जाते, आणि तो करार कंपनी तयार करते. फरीदाबादसारख्या अपघातातील लहान कंपन्यांच्या बाबतीत तर आधारगट गुप्त ठेवण्याइतके वैमानिकच नसतात, त्यामुळे अनेक कंपन्यांनी मिळून, बाहेरच्या संस्थेमार्फत तो चालविल्याखेरीज ही शिफारस त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.